कॅमेरा सापडला नाही

नागभीडला एस.टी. स्टँडवरून रेल्वे फाटकाकडे निघालं की खताच्या दुकानाला लागून एक बुटकी खोली लागते. बाहेर डोळ्याचं चित्र काढलेला पत्र्याचा फलक आहे. नागपूरच्या एका संस्थेचं हे नेत्रतपासणी केंद्र. मंजुषाताई नन्नावरे ते चालवतात. चालवतात म्हणजे सकाळी कुलूप त्याच उघडतात, झाडू त्याच मारतात, चष्म्याचे नंबर त्याच काढतात आणि दुपारी गर्दी ओसरली की डबाही तिथेच खातात.

ताईंचं माहेर तळोधीकडचं, धानाच्या शेतीतलं. बारावी झाली आणि लग्न होऊन त्या नागभीडला आल्या. नवरा राइस मिलमध्ये. डोळ्यांच्या कामाशी त्यांचा संबंध आला तो सासूमुळे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर होतं आणि त्या सासूला घेऊन गेल्या होत्या. माणसं खच्चून भरलेली, डॉक्टर दोनच, नावं पुकारायला कोणी नाही. ताई उठल्या आणि नावं पुकारायला लागल्या. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना हाताला धरून नेलं. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "माया नंबर कवा येते वो?" तेव्हा ताईंच्या ध्यानात आलं की आपल्या माणसाचं नाव पुकारायचं राहूनच गेलं.

पुढच्या शिबिराला संस्थेनं त्यांना आपणहून बोलावलं. मग मुलं शाळेत जायला लागल्यावर त्यांनी नागपूरला राहून नेत्रसहायकाचा कोर्स केला. घरची बाई हॉस्टेलवर राहते म्हणून नातेवाइकांत बरंच बोललं गेलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि कोर्स पुरा केला.

केंद्रातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा. शिलाई मशीनएवढा आकार, पुढे हनुवटी टेकवायची जागा, मागे एक साधा फोटोचा कॅमेरा घट्ट बसवलेला. नागपूरच्या दवाखान्यात नवं मशीन आलं तेव्हा हे जुनं इकडे पाठवलं होतं. माणसानं हनुवटी टेकवायची, हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, ताई बटण दाबणार, लख्खकन उजेड पडणार आणि डोळ्याच्या आतला पडदा कॉम्प्युटरवर दिसणार. नारिंगी रंगाचा, चंद्रासारखा गोल, त्यावर रक्ताच्या बारीक नसा. तो फोटो नागपूरला जायचा. तिथे डॉ. सरोदे मॅडम तो बघून कळवायच्या की ह्यांना काही नाही, ह्यांना बोलवा, ह्यांना लवकर बोलवा. शुगरच्या पेशंटचा पडदा आतून बिघडत जातो आणि बराच बिघडेपर्यंत त्याला कळतही नाही. म्हणून हा फोटो महत्त्वाचा.

दिवाळी झाली, धानाची कापणी सुरू झाली, त्या दिवसांतली गोष्ट. संस्थेच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम टाकायची असं नागपूरला ठरलं. जुन्या सिस्टीमला तिच्या कंपनीकडून मिळणारं संरक्षण बंद होणार होतं आणि पेशंटची माहिती उघड्यावर पडायला नको, हे कारण होतं. कारण रास्तच होतं. संस्थेचा कॉम्प्युटरवाला प्रफुल नागपूरहून आला, काम करून गेला. कॉम्प्युटर भरभर चालायला लागला. ताई खूश झाल्या.

सोमवारी पहिला पेशंट हनुवटी टेकवून बसला. ताईंनी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. कॅमेरा सापडला नाही.

ताईंनी वायर काढून लावली. दुसऱ्या भोकात लावली. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. कॅमेरा समोर ढिम्म उभा, दिवा हिरवा, आणि कॉम्प्युटर म्हणतो सापडला नाही. बाकावर माणसं वाट बघत होती. ताईंनी त्यांचे चष्म्याचे नंबर काढले, ड्रॉप दिले आणि दुपारी प्रफुलला फोन लावला.

"ताई, मी इथून पाहून राह्यलो," प्रफुल म्हणाला. त्यानं नागपुरातून कॉम्प्युटर ताब्यात घेतला होता. बाण पडद्यावर आपोआप फिरत होता. "कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे. नवी सिस्टीम त्याले ओळखतच नाई. कंपनीनं नवं काढलं तरच होईल."

"मग जुनी सिस्टीम परत टाकून दे ना भाऊ."

"तसं नाई करता येत. वरून सक्त सूचना आहे. तुमचा कॉम्प्युटर नेटवर असते, पेशंटचे कागद त्यातच असतात. उद्या काही झालं तं?"

त्याचंही चुकत नव्हतं. ताईंनी कॅमेरा विकणाऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन केला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी बोलली, फार गोड बोलली. ह्या मॉडेलची तपासणी सुरू आहे, नव्या सिस्टीमवर चालेल की नाही ते आज सांगता येणार नाही, मॅडम, तुम्हाला नव्या कॅमेऱ्याची माहिती पाठवू का? ताई म्हणाल्या, "माझा कॅमेरा बिघडलेला नाहीये हो." मुलगी म्हणाली, "मी समजू शकते, मॅडम."

कंपनीच्या वेबसाइटवर एक सूचना होती. ताईंनी ती मोबाइलमध्ये शब्द शोधत शोधत वाचली. आमचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालतं की नाही हे आम्ही तपासत आहोत, तोवर ग्राहकांनी नवी सिस्टीम टाकू नये, असं त्यात लिहिलं होतं. ताईंनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला.

नागपूरहून निरोप आला की सध्या कॅमेरा बंद ठेवा, शुगरच्या पेशंटना थेट नागपूरला पाठवा. कागदावर ते सोपं होतं. पण नागपूरला पाठवलेल्यांतले किती तिथे पोचतात हे ताईंना ठाऊक होतं. छोटी रेल्वे बंद पडली, मोठ्या लाइनचं काम संपता संपत नाही, एस.टी.नं जायचं तर जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो. कापणी सोडून कोण जाणार? ज्याला आज दिसतंय तो तर मुळीच जात नाही.

त्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी वारलूभाऊ आले. घोडाझरी तलावाच्या पलीकडे जंगलात त्यांचं गाव. गोंड माणूस, साठीच्या पुढचा, अंगानं काटक. बरोबर बायको सोनीबाई. वारलूभाऊंचा डावा डोळा शुगरनं जवळपास गेला होता. तो दाखवायला आले तेव्हाच उशीर झालेला. उजवा चांगला होता आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून ताईंनी त्यांना दर काही महिन्यांनी यायला सांगितलं होतं. ते बिनचूक येत.

"जोहार बाई," म्हणत वारलूभाऊ सवयीनं कॅमेऱ्यासमोर बसले आणि त्यांनी हनुवटी टेकवली.

"भाऊ, आज फोटो नाई होत. कॅमेरा कॉम्प्युटरशी बोलत नाई."

"काऊन? भांडण झालं का?"

सोनीबाई हसल्या. ताईंनाही हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही नागपूरले जाऊन या. मी चिठ्ठी देते."

वारलूभाऊंनी हनुवटी उचलली. "नागपूर? मी नाई जात जी. मागं गेलतो तं रस्ता ओलांडतानी गाडीखाली येत होतो. ह्या बाजूचं दिसतच नाई."

सोनीबाई म्हणाल्या, "बाई, ह्यायच्या उजव्याचंही काही तरी होऊन राह्यलं. परवा म्हणत होते, डोळ्यापुढं माशा उडून राह्यल्या म्हणून."

"कवापासून?" ताईंनी एकदम विचारलं.

"झाले काही दिवस," वारलूभाऊ म्हणाले. "त्यात काय? जंगलात माशा असतातच."

डोळ्यापुढे माशा उडणं म्हणजे आत रक्त झिरपत असू शकतं, हे ताईंना माहीत होतं. त्यांनी बॅटरी घेऊन डोळा बघितला. पण बॅटरीनं पडदा दिसत नाही. ज्यानं दिसतो ते यंत्र त्यांच्या कोपरापाशी उभं होतं. ताई चिडल्या, आणि त्या चिडल्या की आवाज चढत नाही, उलट खाली जातो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, परवा परत या. नागपूरले नका जाऊ, पण इथी या. तोपर्यंत मी फोटोचं काही तरी करीनच."

"नक्की?"

"नक्की."

बोलून तर गेल्या. आता करायचं काय?

त्या संध्याकाळी केंद्र बंद करून त्या स्टेशन रोडवर लोकेशच्या फोटो स्टुडिओत गेल्या. लोकेश लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढतो. ताईंच्या मनात साधा विचार होता. मशीनच्या मागे फोटोचाच कॅमेरा आहे, तर फोटोवाल्याला विचारावं.

लोकेशनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तुमच्याही इथी झालं का? माया लॅपटॉपवर नवी सिस्टीम आली तं माया कॅमेऱ्याचंही सॉफ्टवेअर बंद पडलं ना! दोन लग्नं अडकली होती. नवरीचा बाप रोज फोन करे."

"मग काय केलं तू?"

"काय करतो? वायर सोडून देल्ली. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून त्यातून फोटो घेतले. कार्डाले सिस्टीम-बिस्टीम काही लागत नाई."

ताई स्टुलावर बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या. "आमच्या कॅमेऱ्यात कार्ड असते का?"

"पाह्यल्याशिवाय कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी लोकेश आला. मशीनच्या मागे वाकून त्यानं कॅमेरा निरखला. "अजी ताई, हा तं आपला नेहमीचाच कॅमेरा आहे. मी शिकलो तो ह्याच्यावरच." कॅमेऱ्याच्या बाजूला एक झाकण होतं आणि त्यावर कंपनीची चंदेरी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर लिहिलं होतं की ही काढू नये.

लोकेशनं नख लावलं. ताईंनी त्याचा हात धरला. "थांब."

ही वस्तू त्यांची नव्हती. त्यांनी डॉ. सरोदे मॅडमना फोन लावला. मॅडम ऑपरेशनला जायच्या घाईत होत्या. ताईंनी वारलूभाऊंच्या माशांपासून लोकेशच्या कार्डापर्यंत सगळं सांगितलं.

"वॉरंटी तर कधीच संपली आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मंजुषा, बिघडला तर दुसरा मिळायला वर्ष लागेल."

"मॅडम, आता तरी कुठं चालू आहे? नुसता उभा आहे."

मॅडम म्हणाल्या, "काढ पट्टी. माझं नाव सांग. पण मला आधी तुलना करून दाखवायची. ज्यांचे अलीकडचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यांचेच पुन्हा काढून पाठव. रंगात, बारकाव्यात फरक पडला तर मी त्यावरून निदान करणार नाही."

"चालेल."

पट्टी निघाली. झाकणाआड कार्डाची रिकामी खाच होती. लोकेशनं आपल्या बॅगेतलं कार्ड घातलं, कॅमेऱ्याच्या बटणांशी खुडबुड केली आणि एक सेटिंग बदललं. फोटो कॉम्प्युटरलाच पाठवायचा, असं त्यात आधी ठरवून दिलेलं होतं. आता तो कार्डात राहणार होता. डोळा जुळवायला मशीनचा स्वतःचा छोटा पडदा होताच. त्याला कॉम्प्युटर लागत नव्हता.

"बस तूच," ताई म्हणाल्या.

लोकेशनं हनुवटी टेकवली. ताईंनी डोळा जुळवला, बटण दाबलं. लख्खकन उजेड पडला. कॅमेऱ्याच्या पाठीवर लोकेशच्या डोळ्याचा पडदा उमटला, नारिंगी, स्वच्छ, एकेक नस मोजावी असा.

"हे मायं आहे?" लोकेश डोळे चोळत बघत राहिला. "आतून एवढा चांगला दिसतो का मी?"

ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला.

खरं काम तिथून पुढे होतं. त्या दिवशी ताईंनी खताच्या दुकानदाराला बोलावलं, सासूबाईंना बोलावलं, मिलमधल्या दोघांना बोलावलं. सगळे शुगरचे जुने पेशंट. त्यांचे फोटो निघाले. कार्ड वाचणाऱ्या साध्या यंत्रातून ते कॉम्प्युटरवर आले, नव्या सिस्टीमनं काही कुरकुर केली नाही, आणि रोजच्याच वाटेनं ते नागपूरला गेले. प्रफुलची एकच अट होती. फोटो कोणाच्या मोबाइलवरून जाता कामा नयेत आणि कार्ड केंद्राच्या बाहेर जाता कामा नये. ताईंनी लोकेशचं कार्ड परत केलं आणि केंद्रासाठी नवीन घेतलं.

घोटाळा झाला तो डाव्या-उजव्याचा. आधी सॉफ्टवेअर फोटोवर पेशंटचं नाव घालायचं आणि डोळा कोणता तेही लिहायचं. कार्डावर नुसता आकडा. दुकानदारानं मध्येच पापणी मिटली म्हणून ताईंनी त्याचा उजवा डोळा पुन्हा घेतला होता आणि तिथून पुढचे सगळे आकडे एकानं सरकले. मॅडमनी फोन केला, "मंजुषा, हे दुकानदाराचे दोन्ही उजवेच डोळे आहेत. आणि तुझ्या सासूबाईंच्या नावावर डावा डोळा दुकानदाराचा आलाय."

एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर गेला तर? ताईंनी तिथल्या तिथे नियम ठरवला. फोटो निघाला की पेशंटला उठू द्यायचं नाही. आधी कॅमेऱ्यावरचा आकडा त्याच्या केसपेपरवर लिहायचा, आणि मग फोटोतला नसांचा उगम कोणत्या बाजूला आहे ते बघायचं. उजव्या डोळ्याच्या फोटोत तो उजवीकडे असतो, डाव्याच्या डावीकडे. दोन्ही जुळलं तरच पुढचा डोळा. सगळे फोटो त्यांनी दुसऱ्या दिवशी परत काढून पाठवले. मॅडमनी ते जुन्या फोटोंच्या शेजारी लावून बघितले आणि कळवलं, "फरक नाही. सुरू कर."

ठरल्याप्रमाणे वारलूभाऊ आले. त्यांच्या उजव्या डोळ्याचा फोटो निघाला तेव्हा ताईंनी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितला. पडद्यावर खालच्या बाजूला लाल डाग पसरले होते. निदान करणं त्यांचं काम नव्हतं. त्यांनी फोटो पाठवला आणि दोघांना चहा सांगितला. चहा संपायच्या आतच मॅडमचा फोन आला. रक्तस्राव सुरू झालाय, लेसर लगेच करायला हवा, ह्याच आठवड्यात.

वारलूभाऊंनी मान हलवली. "नागपूर नाई."

ताईंनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. "भाऊ, मोहाचे दिवस आले की तुम्ही पहाटे मोहाची फुलं वेचायले जाता. हो का नाई?"

"जातोच."

"तुमच्या जंगलात वाघ आहे. डाव्या अंगानं तो आला तं तुम्हाले आत्ताच दिसत नाई. उजवाही गेला तं मावशी तुमच्या हाताले धरून नेईल का मोह वेचायले?"

सोनीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्या हळूच काही तरी गोंडीत बोलल्या. ताईंना ते कळलं नाही.

"रस्ता कोण ओलांडून देईल तिथी?" वारलूभाऊंनी विचारलं.

"मी येते ना तुमच्यासंगं."

ताईंनी सुटी टाकली. सकाळच्या एस.टी.नं तिघं निघाले. भिवापूरला बस थांबली तेव्हा सोनीबाईंनी फडक्यातल्या भाकरी काढल्या, ताईंनाही दिली. नागपुरात रस्ता ओलांडताना वारलूभाऊंचा एक हात बायकोच्या हातात आणि दुसरा ताईंच्या. लेसर झाला. नंतर आणखी दोनदा जावं लागलं. दुसऱ्या खेपेला ताई गेल्या आणि तिसऱ्या खेपेला दोघं नवराबायको एकटेच जाऊन आले. डावा डोळा काही परत आला नाही. उजवा मात्र टिकला. ह्या वर्षी मोह चांगला फुलला होता आणि वारलूभाऊंनी तो वेचला, इतरांसोबत, उजेड झाल्यावर, ताईंनी तशी तंबी दिली होती म्हणून.

पुढे कंपनीचं नवं सॉफ्टवेअर आलं. ताईंनी आशेनं वेबसाइट उघडली. त्यात बरीच मॉडेलं होती, त्यांचं नव्हतं. ताईंनी कंपनीला इंग्रजीत ईमेल लिहिला. उत्तर नम्र आलं, काम काही झालं नाही. ताईंनी पुन्हा लिहिला. दर महिन्याला एक लिहितात. डॉ. सरोदे मॅडम एकदा म्हणाल्या, "अगं, आता तर तुझं चालतंय ना?" ताई म्हणाल्या, "माझं चालतंय, मॅडम. पण असा कॅमेरा दुसऱ्या कुठल्या गावातही असेल. तिथं तो कपडा टाकून ठेवला असेल."

तसा तो होताही. भद्रावतीला संस्थेचं दुसरं केंद्र आहे, तिथेही त्याच वेळी सिस्टीम बदलली होती आणि कॅमेऱ्यावर खरोखरच चादर पडली होती. ताई चंद्रपूरमार्गे बसनं भद्रावतीला गेल्या. तिथली दीपिका नावाची मुलगी नवीनच लागली होती आणि पट्टी काढायला घाबरत होती. "मॅडमची परवानगी आहे, काढ," ताई म्हणाल्या. ताईंनी प्रत्येक कृती तिच्याच हातानं करून घेतली. परतीची बस गाठायच्या आधी दीपिकानं कारखान्याच्या कॉलनीतल्या एका निवृत्त माणसाचे दोन्ही डोळे टिपले होते, आणि आकडे केसपेपरवर बरोबर चढवले होते.

आता प्रफुल कुठलीही सिस्टीम बदलायच्या आधी दोन्ही केंद्रांना फोन करतो. कोणकोणतं यंत्र वायरीवर आहे ते विचारतो, त्यांच्या कंपन्या काय म्हणतात ते बघतो, आणि एका कॉम्प्युटरवर आधी करून पाहतो.

मागच्या महिन्यात संस्थेनं नवीन कॅमेरे घ्यायचं मनावर घेतलं. एका दुसऱ्या कंपनीचा माणूस यंत्र दाखवायला नागभीडला आला. टाय लावलेला, घामाघूम. यंत्र देखणं होतं. त्यानं फोटो काढून दाखवला, रंग दाखवले, आपोआप नाव कसं येतं ते दाखवलं. डॉ. सरोदे मॅडमही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंजुषा, तुला काही विचारायचंय?"

"एकच," ताई म्हणाल्या. "कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली तर तुमचं सॉफ्टवेअर किती वर्षं सोबत देईल? आणि नाही दिलं, तर फोटो कार्डात घेता येतील का?"

त्या माणसानं माहितीपत्रक चाळलं. "हे मला वरती विचारावं लागेल, मॅडम."

"विचारा ना," ताई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली. "अन् जे सांगतील ते लेखी मागवा. मी सहा वाजेपर्यंत इथीच आहे."

तो माणूस फोन कानाला लावून बाहेर गेला. ताईंनी बाकावरच्या पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.